मीराचा मेसेज गावाने वाचला

जाफराबादला बसस्टँडकडून बाजाराकडे येताना बियाण्यांच्या दुकानांच्या ओळीत माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. सुरुवातीला बाई मोबाईल उघडते हे बघायला लोक काउंटरपाशी उभे राहायचे. आता कोणी राहत नाही. बघणारेही दमले आणि मीही जुनी झाले. हे काम मी लग्नाआधी जालन्याला भावाच्या दुकानात बसून शिकले. घरात आम्ही उर्दू बोलतो, शाळा माझी मराठी, आणि गिऱ्हाइकाशी जी भाषा जमेल ती. सगळे मला आपा म्हणतात.

दुरुस्ती म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगायचं तर बहुतेक वेळा फुटलेला डिस्प्ले, सैल झालेला चार्जिंग जॅक, फुगलेली बॅटरी. फोन गरम हवेने तापवायचा, पाठ हळूच उचलायची, नखाएवढे स्क्रू हरवू द्यायचे नाहीत. हात स्थिर असला की कोणालाही येतं. अवघड ते नाही. अवघड हे, की फोन चालतो का बघायचा तर गिऱ्हाइकाला लॉक सांगावं लागतं, आणि लॉक सांगितलं की त्या माणसाचं सगळं घर माझ्या काउंटरवर उघडं पडतं. माहेरी पाठवलेले निरोप, दवाखान्याचे कागद, भांडणं, लाडीगोडी, सगळं. म्हणून तर लांबलांबच्या बाया दोन दुकानं सोडून माझ्याकडे येतात. मी चांगली कारागीर आहे म्हणून नव्हे. मी वाचत नाही म्हणून.

याच्या उलट मागणी घेऊनही लोक येतात. एक व्यापारी आले होते. शिकलेले, बोलायला गोड. स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "आपा, बायकोच्या मोबाईलमधी ते ॲप टाकून द्या. तिला आलेले मेसेज आपल्याला दिसतात, ते."

"त्यांना विचारलं का?"

"तिला इचारायचं असतं तर तुमच्याकडं कशाला आलो असतो? मोबाईल माह्याच पैशाचा हाय."

"मोबाईल तुमच्या पैशाचा असंल. मेसेज त्यांचे आहेत."

ते रागावले नाहीत. माझ्या अडाणीपणावर हसले आणि उठून गेले. कोणीतरी त्यांना ते टाकून दिलंही असेल. असली ॲपं बनवणारे त्यांना 'कुटुंबाची सुरक्षा' म्हणतात. दुसऱ्याची चिठ्ठी चोरून वाचायला इतकं सभ्य नाव दिलेलं बघितलं, की मी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवते.

पण मला सांगायचं आहे ते संगीताताई आणि मीराबद्दल. दोघींना विचारून लिहिते आहे. दोघींनी एकच सांगितलं, नाव बदला आणि बाकी काही बदलू नका. गावाचंही नाव लिहीत नाही. पिंपळगाव रेणुकाईच्या बाजूचं आहे, एवढं पुरे.

संगीताताई त्या गावात बायांच्या आरोग्याचं काम बघते. कोणाला दिवस गेले, कोणाला गोळ्या द्यायच्या, कोणाला दवाखान्यात न्यायचं, हे सगळं ती बघते. एका दुपारी ती माझ्याकडे आली आणि फोन काउंटरवर ठेवून म्हणाली, "आपा, बॅटरी बदलून द्या. नुस्ता तापून राह्यला, आन् चार्जिंग टिकतच न्हाई."

बॅटरी मी तपासली. बॅटरी ठणठणीत होती. फोन तापत होता, कारण आत कोणीतरी सारखं काम करत होतं. सेटिंगमध्ये जाऊन बघितलं तर ॲपच्या यादीत एक नाव होतं, 'लग्नपत्रिका'. बाहेर पडद्यावर त्याचं चित्र कुठेच नव्हतं. त्या पत्रिकेला मेसेज वाचायची परवानगी होती, फोटो बघायची होती, सगळ्यांचे नंबर घ्यायची होती, आलेली प्रत्येक सूचना वाचायची होती. पत्रिकेला एवढं सगळं कशाला लागतं?

"ही कुठून आली, ताई?"

"गुरुजींच्या पोरीच्या लग्नाची हाय. गुरुजींच्याच नंबरवरून आल्ती. म्या उघडली तर उघडलीच न्हाई. हे द्या, ते द्या म्हणत व्हती, म्या हो हो दाबत गेले. मंग वाटलं, रेंज नसंल."

गुरुजी म्हणजे त्या गावचे निवृत्त शिक्षक. मुलीचं लग्न खरंच ठरलेलं होतं. असल्या चोरीची रीतच ही असते. चोर आधी एका फोनमध्ये शिरतो आणि त्या फोनमधल्या सगळ्या ओळखीच्या माणसांना पत्रिका पाठवतो. अनोळखी माणसाची पत्रिका कोण उघडतं? आणि गुरुजींची पत्रिका न उघडणारा माणूस गावात कोण आहे?

मी हे समजावून सांगितलं. ताई ऐकत होती, पण तिचं लक्ष माझ्या बोलण्यावर नव्हतं. ती मनात काहीतरी मोजत होती. मग अगदी हळू म्हणाली, "आपा, माह्याकडं बायांचं सगळं असतंय."

मला त्या वाक्याचा अर्थ लागायला वेळ लागला. गावातल्या बाया जे आईला सांगत नाहीत ते ताईला लिहून पाठवत. अंगावरून जातं, नवरा ऐकत नाही, पाळी चुकली. दवाखान्याच्या कागदांचे फोटो पाठवत. आणि हे सगळं तिच्या स्वतःच्या, स्वतःच्या पैशाने घेतलेल्या साध्या फोनमध्ये होतं, कारण वरच्यांना प्रत्येक गोष्ट लगेच ग्रुपवर हवी असते. फोन द्यायचा नाही, काम मात्र फोनवर मागायचं.

मी नेट बंद केलं, ती पत्रिका काढून टाकली, पासवर्ड बदलायला लावले. तिच्या चॅटिंगच्या खात्याला कुठलंतरी अनोळखी मशीन जोडलेलं दिसलं, ते तोडलं. फोन थंड झाला. ताईने विचारलं, "आता बराबर झालं ना?" मी म्हणाले, "फोन बराबर झाला." याहून जास्त मला खोटं बोलता आलं नाही. गेलेलं ते गेलेलं होतं.

त्यानंतर आम्ही दोघी दारोदार फिरलो, त्याचा राग अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. तक्रार द्यायला गेलो तिथल्या साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, "इन्स्टॉल तुम्हीच केलं ना? मग?" त्या 'मग'च्या पुढे त्यांना काही विचारायचं नव्हतं. आग्रह धरला तेव्हा अर्ज घेतला. फोनच्या कंपनीला मी स्वतः दुकानातून फोन लावला. तिथली मुलगी फार नम्रपणे म्हणाली, या मॉडेलला आता अपडेट मिळत नाहीत, आपण नवीन मॉडेल घ्यावं. म्हणजे दार तुम्ही विकलं, कडी तुटकी निघाली, आणि तुम्ही म्हणता घर बदला. ताईच्या वरच्या मॅडम म्हणाल्या, वैयक्तिक फोनची जबाबदारी वैयक्तिक असते. सरकारी माहिती त्यात भरायला सांगितली तेव्हा तो वैयक्तिक नव्हता.

प्रत्येक ठिकाणी शेवटी एकच वाक्य ऐकायला मिळालं. "तुम्ही बघून दाबायला पाहिजे होतं." काय बघून? परवानगीचा तो पडदा मी रोज बघते. अर्धा इंग्रजीत, अर्धा अशा मराठीत की जी कोणी बोलत नाही. खाली दोन बटणं, त्यातलं एक मोठं आणि रंगीत. ते रंगीत बटण दाबण्यासाठीच काढलेलं असतं. अख्ख्या कारखान्याने मिळून एका बाईचं बोट त्या बटणापर्यंत आणायचं आणि शेवटी बोटाला पकडायचं.

काही दिवसांनी मीराला मेसेज आला. मीरा त्याच गावातली, ज्ञानेश्वरची बायको. कापूस-सोयाबीनची शेती, दोन मुली, सासरी तिसऱ्यांदा मुलाची वाट बघणं चाललेलं. तिने दवाखान्यात जाऊन तांबी बसवून घेतली होती. दिवस राहू नयेत म्हणून बायांना आत बसवतात, ती. घरात कोणाला माहीत नव्हतं, ताईला तेवढं माहीत होतं. तांबीबद्दल तिने ताईला जो मेसेज लिहिला होता त्याचाच सबंध फोटो कोणीतरी अनोळखी नंबरवरून तिला पाठवला आणि पैसे मागितले, नाहीतर नवऱ्याला पाठवतो म्हणाला.

मीराने पैसे पाठवले नाहीत. तिच्याकडे नव्हते, हे एक. दुसरं तिने मला नंतर सांगितलं, "माह्याच गोष्टीचे पैशे म्या काहून द्यावं?" चोराने तो फोटो ज्ञानेश्वरला पाठवला. ताईच्या फोनमध्ये त्याचा नंबर 'मीराचे मालक' म्हणून होताच.

ज्ञानेश्वरने तो फोटो आपल्या भावाला दाखवला. भावाने आपल्या मोबाईलवर घेतला आणि गावातल्या पोरांच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो कुठे कुठे गेला ते कोणी सांगू शकत नाही. दुसऱ्या दिवशी पाणी भरायला गेलेल्या मीराला बघून बाया बोलायच्या थांबल्या. संध्याकाळी सासूने तिची पिशवी ओट्यावर आणून ठेवली. मीरा मुलींना घेऊन माहेरी गेली.

मग गावाला दोषी हवा होता आणि तो हाताशीच होता. संगीताताईने बायांच्या गोष्टी विकल्या, असं लोक बोलू लागले. जिच्या दोन्ही बाळंतपणांत ताई रात्रभर दवाखान्यात बसली होती, त्या बाईने तिला दारातून परत पाठवलं. तिला कामावरून काढा म्हणून सरपंचांकडे लोक गेले. सरपंचांनी देवळाच्या सभामंडपात बैठक ठेवली. ताईचा मला फोन आला. "आपा, तुम्ही या. माह्यावर कोणी इश्वास ठेवून राह्यलं न्हाई."

मी काळीपिवळी जीपने गेले. सभामंडप भरला होता. पुरुष पुढे, बाया खांबांच्या मागे. मला उभं केलं आणि सांगा म्हणाले. मी सांगितलं, पण मला ते जमलं नाही, हे कबूल करायला हवं. काउंटरवर एका माणसाला समजावणं वेगळं आणि रागावलेल्या गावाला समजावणं वेगळं. परवानगी, ॲप, जोडलेलं मशीन. मीच बोलता बोलता अडखळले. मागून कोणीतरी म्हणालं, "ही तिचीच मैतरीण. हिला कोण इचारतंय?" मी खाली बसले.

तेव्हा गुरुजी उठले. पांढरी टोपी, हातात काठी. ते बोलायला लागले तशी बैठक गप्प झाली, कारण निम्म्या लोकांना त्यांनीच शिकवलं होतं.

"आपा खरं बोलून राह्यल्या," ते म्हणाले. "पत्रिका माझ्याच फोनवरून गेली. मी पाठवली नाही, फोनने पाठवली. पण माझा फोन बिघडलाय हे मला संगीताने ती उघडायच्या आधीच कळलं होतं. पुतण्याने सांगितलं, ग्रुपवर लिहा की पत्रिका उघडू नका. मी लिहिलं नाही. मला वाटलं, लग्नाच्या तोंडावर गावात हसू होईल. मी फोन दुरुस्त करून घेतला आणि गप्प बसलो."

सांगितलं म्हणून मला गुरुजींचा आदर वाटला आणि उशिरा सांगितलं म्हणून रागही आला. दोन्ही अजून तसंच आहे. एक ओळ लिहिली असती तर ताई वाचली असती, मीरा वाचली असती. चोर लांब होता. ती ओळ लिहिणारा माणूस गावातच होता.

सरपंच म्हणाले, मंग संगीताची चूक न्हाई, विषय मिटला. लोक उठायला लागले. एवढ्यात खांबामागून आवाज आला, "मिटला न्हाई." मीरा आईबरोबर आलेली होती. ताईनेच तिला कळवलं होतं. ती पुढे आली, पदर नीट केला आणि उभी राहिली. बायका अशा बैठकीत पुढे येत नाहीत, त्यामुळे तिला बसवायचं की बोलू द्यायचं हे कोणाला ठरवता येईना, आणि तेवढ्यात तिने बोलायला सुरुवात केली.

"ज्याच्या मोबाईलमधी माहं लिहिलेलं हाय, त्यानं हात वर करावा."

एकही हात वर झाला नाही.

"मंग सगळ्यांनी कुठं वाचलं?" ती म्हणाली. "चोर चोरच व्हता. त्याला म्या कोण, माह्या पोरी कोणत्या, काही माहीत न्हव्हतं. तुम्हाला माहीत व्हतं. तुमच्या लग्नात म्या जेवाय वाढलंय. तुम्ही वाचलं आन् फुडं ढकललं."

ती रडली नाही, आवाजही वाढवला नाही. पुढे बसलेले पुरुष आपापल्या पायांकडे बघत होते. ज्ञानेश्वर भिंतीला टेकून उभा होता. त्याचा भाऊ निघून गेला होता. मीरा ज्ञानेश्वरकडे न बघता आईबरोबर बाहेर पडली आणि जीपमध्ये बसली.

मी इतकी वर्षं हा धंदा करते, जबाबदारी कोणाची हा प्रश्न मला लोक रोज विचारतात आणि मी ॲप बनवणाऱ्याला, कंपनीला, कायद्याला शिव्या घालते. त्या शिव्या मी मागे घेत नाही. ज्याने ते विष बनवलं तो पहिला गुन्हेगार, आणि ज्यांच्या दुकानदारीमुळे ते विष सहज पोटात जातं ते दुसरे. पण त्या मंडपात मला कळलं, की चोरलेला मेसेज कोणी वाचला नाही तर तो मेलेला असतो. त्याला जिवंत ठेवतो तो वाचणारा. आणि वाचणाऱ्यावर कोणत्याही ठाण्यात अर्ज घेत नाहीत.

चोर सापडला नाही. अर्जाचं काय झालं विचारायला आम्ही दोनदा गेलो, तपास चालू आहे म्हणाले. संगीताताई कामावर आहे. बाया तिच्याशी पुन्हा बोलतात, पण आता लिहीत नाहीत. सांगायचं असलं की शेतातून चालत तिच्या घरी येतात, आणि बोलण्याआधी तिचा फोन दुसऱ्या खोलीत ठेवायला लावतात. गुरुजींनी मुलीच्या लग्नात ताईला पहिल्या पंगतीला बसवलं. ती गेली, जेवली, फार बोलली नाही.

मीरा आज सासरी नांदते आहे. ज्ञानेश्वरने आपल्या आईला दवाखान्यात नेऊन डॉक्टरबाईंच्या तोंडून सगळं ऐकवलं, त्यानंतरच मीरा परत आली. पण त्याच्याही आधी जे माझ्या दुकानात घडलं ते सांगून थांबते.

बैठकीनंतर ज्ञानेश्वर एकटा माझ्याकडे आला होता. दाढी वाढलेली. फोन पुढे केला आणि म्हणाला, "आपा, फॉरवर्ड झालेलं सगळ्यांच्या मोबाईलमधून पुसता येतंय का?"

"नाही."

"काही खर्चा लागला तरी?"

"नाही हो. ज्याच्या हातात फोन आहे त्यानंच पुसायचं."

तो घरोघर गेला, असं ताईने सांगितलं. प्रत्येकाच्या ओट्यावर बसून, समोर पुसायला लावून. काहींनी पुसलं. काही म्हणाले, आमच्याकडं आलंच न्हव्हतं.

पुढच्या बाजारच्या दिवशी मीरा फोनला नवीन सिम टाकायला आली होती. तिला शोधत तोही आला. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. तो म्हणाला, "मीरा, चल आता. म्या सगळ्यांकडून पुसून घेतलं."

मीराने आपला फोन काढला, ताईला पाठवलेला तोच मेसेज उघडला आणि त्याच्या हातात दिला. "आता माह्यासमोर वाचा. मोठ्यानं."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी उठून बाहेर जायला लागले तर मीराने मला थांबवलं. तो वाचू लागला. "ताई, तांबी बसवल्यापासून कंबर लई दुखती. काढून टाकू का. पण डॉक्टरबाई म्हणल्या अंगात रक्त न्हाई, आता दिवस राह्यले तर तू वाचणार न्हाईस. पोरींकडं बघून भ्या वाटतंय." इथे तो थांबला. मग त्याने शेवटच्या ओळी वाचल्या. "यांना कसं सांगू ते कळत न्हाई. यांचा जीव हाय माह्यावर, घाबरतील. तुम्हीच समजून सांगा ना."

त्याने फोन काउंटरवर ठेवला. मग म्हणाला, "हे म्या वाचलंच न्हव्हतं."

"वाचलं व्हतं," मीरा म्हणाली. "साऱ्या गावाला दाखवलं व्हतं."